प्रवाळांचा राखणदार कोण?

समुद्रापासून साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या आसेगावी, वसंत व्याख्यानमालेत प्रवाळांवर बोलण्याचे प्रयोजन काय, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. आमचा पेशा मजुरांच्या संघटनेचा. हमालीचे दर, जिनिंगमधील हंगामी कामगारांची हजेरी, किमान वेतन हे आमचे नेहमीचे विषय. शास्त्राचे शिक्षण आम्ही कोणत्याही महाविद्यालयात घेतलेले नाही. जे वाचले ते सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि दिवसाचे काम आटोपल्यावर. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, कारण प्रवाळांचा इतिहास वाचताना आम्हांस पदोपदी आमचाच जुना प्रश्न भेटला. एखादी मोलाची वस्तू सर्वांची असते. तिच्यावर काहींचे पोट चालते, काहींची हौस भागते आणि काहींना नफा मिळतो. ती नष्ट होऊ लागली म्हणजे तिच्या रक्षणाचा कायदा होतो, आणि त्या कायद्याचा पहिला भार पोट चालणाऱ्यावर पडतो. हे असेच व्हावयास हवे काय, आणि असे झाल्याने त्या वस्तूचे रक्षण तरी होते काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. पोवळे आपल्या घरांत नवे नाही. मंगळाचा खडा म्हणून ते अंगठीत बसते, काळ्या मण्यांच्या जोडीला गळ्यात येते, आणि वैद्याकडून प्रवाळपिष्टी होऊनही येते. हे तांबडे पोवळे पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, रोमन लोक भारतीय मोत्यांना जितके मानतात तितकेच भारतीय लोक पोवळ्यांना मानतात. आणि त्यांची निर्यात इतकी वाढली की ज्या मुलखात पोवळे सापडते तेथेच ते दिसेनासे झाले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या हौसेने दुसऱ्यांचा समुद्र उपसला जात होता, याची नोंद आहे. पुढे तेथे लाकडाच्या जड क्रूसाला जाळी बांधून तो समुद्राच्या तळावरून ओढीत नेण्याची रीत पडली. हाती येई त्याहून अधिक मोडून पडे. या साधनावर युरोपीय समुदायाने बंदी घातली ती १९९४ साली. हे अंगठीतले पोवळे आणि आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते भिंती बांधणारे प्रवाळ एकाच मोठ्या कुळातले, पण भाऊबंद निराळे. भूमध्यातले पोवळे अंधाऱ्या जागी वाढते. भिंती बांधणाऱ्या प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. एक एक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. मऊ पिशवीसारखे शरीर आणि तोंडाभोवती बारीक हातांचे कडे. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो स्वतःभोवती घर बांधतो. असे लक्षावधी जीव शेजारी शेजारी राहतात, मरतात, आणि त्यांच्या घरांवर पुढची पिढी घर बांधते. पण या बांधकामाची शिदोरी एकट्या प्रवाळाची नसते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही पुष्कळसा या भाडेकरूचाच. म्हणून भिंती बांधणारे प्रवाळ उथळ, उबदार आणि निवळ पाण्यातच वाढतात. गाळ आला की ऊन अडते, ऊन अडले की अन्न तुटते. वाढही फार सावकाश होते. गोलाकार वाढणारे काही प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले. त्या दिवशी अशा प्रवाळाने वस्ती केली असती, तर आज ती फार तर साडेतीन मीटर उंच असती. नौकेचा नांगर ती एका दिवसात फोडू शकतो.

या वस्त्यांनी समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापला आहे. तरी समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर प्रवाळांच्या आश्रयाला येतात. मासळीची पिल्ले तेथे वाढतात, आणि किनाऱ्यावर येणाऱ्या लाटेचा जोर तेथे मोडतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर प्रवाळभिंत ही समुद्राची रोपवाटिका आहे आणि तीच त्याचा बांधही आहे.

आता आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाकडे पाहू. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभिंतींवर पुस्तक लिहिले. त्याचा तर्क असा की, समुद्रात ज्वालामुखीचे बेट असते, त्याच्या कडेने प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खचते आणि प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधीत राहतात. शेवटी बेट बुडते आणि प्रवाळांचे कंकण तेवढे पाण्यावर उरते. याची खातरी पटली ती ११० वर्षांनी. १९५२ साली पॅसिफिक महासागरातील एनिवेटोक या कंकणद्वीपावर अमेरिकनांनी भोक पाडले, तेव्हा सुमारे १४०० मीटर जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. हे भोक पाडण्याचे निमित्तही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी तेथे हायड्रोजन बाँबचा पहिला मोठा स्फोट व्हावयाचा होता आणि त्यासाठी तेथील रहिवाशांना आधीच हलविण्यात आले होते.

आपल्या लक्षद्वीपची हकीकतही अशीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच स्रोतावरून पुढे भारतखंड उत्तरेकडे सरकत गेले, आणि त्याच्या मागे समुद्रतळावर ज्वालामुखी खडकांची रांग उभी राहिली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांचे प्रवाळ त्या रांगेवर बसले आहेत. आमच्या शिवारातील काळी माती ज्या अग्नीची राख, त्याच अग्नीच्या ओट्यावर लक्षद्वीपचे नारळ उभे आहेत. पाण्याचाही संबंध आहे. वाशीम जिल्ह्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस एका अंगाने पैनगंगेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या अंगाने काटेपूर्णेतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्राला मिळतो. तेव्हा समुद्र आपला नाही असे म्हणण्याची सोय आपणांस नाही.

भारतातील प्रवाळांवर पहिला मोठा घाला पडला तो त्यांना दगड समजल्यामुळे. सिमेंटला चुना हवा आणि प्रवाळ म्हणजे तयार चुना. कच्छच्या आखातात, जामनगरजवळ सिक्का येथे, सिमेंटसाठी प्रवाळमिश्रित वाळू समुद्रातून अनेक वर्षे उपसली गेली. उपशाने तळ खरवडला गेला आणि उडालेला गाळ उरलेल्या प्रवाळांवर बसला. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात याहून उघड प्रकार होता. तुतिकोरीन आणि मंडपमच्या बाजूस माणसे होड्यांतून जात, पहारीने प्रवाळ फोडीत आणि किनाऱ्यावर आणून टाकीत. तो माल घरांच्या पायाला, चुन्याच्या भट्ट्यांना आणि कारखान्यांना जाई. त्या आखातात २१ बेटांची माळ आहे. तिच्यातली दोन बेटे या उपशाने झिजून पाण्याखाली गेली.

येथे थोडे थांबून मजुराच्या बाजूने पाहू. पहार चालविणारा माणूस रोजंदारीवर होता. घराजवळची भिंत तो स्वतःच्या हाताने पाडीत होता, आणि मासे कमी झाले तेव्हा त्याच्याच आळीतील मच्छीमाराचे जाळे रिकामे येऊ लागले. चुन्याचा नफा दूर गेला आणि तोटा गावात राहिला. विदर्भात कापसाचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे वेगळे समजावून सांगावयास नको.

रक्षणाचे प्रयत्न १९८० नंतर सुरू झाले. कच्छच्या आखातात १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. अशा प्रकारचे हे देशातील पहिले. मन्नारच्या आखातात १९८६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली आणि तिने प्रवाळांचे प्रदेश सर्वांत कडक वर्गात घातले. २००१ साली भिंती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, म्हणजे कागदावर ते वाघाच्या पंक्तीला बसले. मन्नारमधील उपसा त्यानंतर बंद पडला. पण त्यात कायद्याच्या बरोबरीने २००४ च्या सुनामीचा हात होता. मोठी लाट आली म्हणजे भिंतीचे मोल काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला त्या दिवशी कोणी शिकवावे लागले नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपला किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब असला तरी प्रवाळांना तो फारसा मानवत नाही. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या नद्या पावसाळ्यात गाळ आणि गोडे पाणी समुद्रात लोटतात. त्यामुळे लक्षद्वीपसारखी सलग भिंत येथे होत नाही. खडकांच्या आडोशाने तुकड्या-तुकड्यांची वस्ती असते. शास्त्रज्ञांच्या जगात तिची नोंद उशिरा झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. सय्यद झहूर कासिम आणि त्यांचे सहकारी वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचा लेख प्रसिद्ध केला तो १९७९ साली. मालवणच्या गाबीत मच्छीमाराला मात्र आपल्या समुद्राचा तळ पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. जाळे कोठे अडकते, कोणत्या खडपाभोवती कोणती मासळी लागते, हे त्याच्या वहिवाटीतले ज्ञान. त्याची नोंद कोणत्याही नियतकालिकात नव्हती, एवढेच.

त्या मच्छीमाराची रीत कशी होती, हेही सांगितले पाहिजे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण नावाचे मोठे जाळे असते. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-शंभर माणसे मिळून ओढतात. जी मासळी येईल तिचे वाटे होतात. ज्याने दोरी धरली त्याला वाटा मिळतो. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत, होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच त्या पाण्यात उतरतात. या रीतीला कोणी संवर्धन म्हटले नाही. पण ते संवर्धनच होते.

पुढे यांत्रिक ट्रॉलर आले. ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढले जाते. त्यात पिल्ले जातात, तळही जातो आणि वाटेत आलेले प्रवाळही मोडतात. १९७० नंतरच्या दशकात गोव्याचे रापणकार या ट्रॉलरविरुद्ध उठले. माथानी सालढाणा त्यांच्या अग्रभागी होते. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील पारंपरिक मच्छीमारांची राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. किनाऱ्याजवळचा पट्टा आम्हांस राखून द्या आणि ट्रॉलरला बाहेर ठेवा, ही त्यांची मुख्य मागणी. त्या लढ्याच्या रेट्यामुळे केरळात आणि गोव्यात १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. या घटनाक्रमाकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्रतळ वाचविण्याचा पहिला कायदा मच्छीमारांच्या चळवळीने मिळविला. प्रवाळ हा शब्द त्यांच्या मागणीपत्रात असो वा नसो, त्यांची आणि प्रवाळांची मागणी एकच होती.

ही पार्श्वभूमी असताना १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर; त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरांचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक मिळून. जागा योग्य होती, हेतूही चांगला होता. पण त्या समुद्रावर ज्यांची चूल पेटते त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. उद्यापासून आपल्याच किल्ल्याच्या सावलीत जाळे टाकणे गुन्हा ठरणार, असे मच्छीमारांच्या मनाने घेतले आणि त्यांनी विरोध पुकारला. तो वर्षानुवर्षे टिकला. परिणाम असा की अभयारण्य नकाशात राहिले आणि समुद्रात फारसे उतरले नाही.

दोष कायद्याच्या घडणीतही होता. वन्यजीव कायदा अरण्य डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. अरण्याला सीमा असते, चौकी असते, वाट असते. समुद्रात मासळी सीमा ओळखीत नाही, आणि राखण करणाऱ्याला रोज होडी लागते. संसदेने १९९१ साली या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा प्रादेशिक जलात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करण्याची पुरेशी तजवीज व्हावी, असे कलम त्यात आले. मालवणची अधिसूचना निघाल्यावर चार वर्षांनी कायद्याला हे सुचले.

येथे आम्ही आमच्या व्यवसायातला दाखला देतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. तरी ज्या गावात संघटना नव्हती तेथील हंगामी मजूर तो कायदा असून नसल्यासारखाच जगला. याउलट १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची खुबी अशी की त्याने मंडळे निर्माण केली, आणि त्या मंडळांवर मालकांचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे, वर शासनाचे. पाठीवर पोते वाहणारा माणूस दराच्या चर्चेत मेजाशी बसू लागला. त्या मंडळांत पुढे काय काय शिरले हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यावर आम्ही इतरत्र पुष्कळ बोललो आहोत. परंतु तत्त्व खरे होते. ज्याच्या अंगावर नियम पडावयाचा त्याला नियम करण्यात जागा असेल, तर तो स्वतः त्या नियमाचा पहारेकरी होतो. मालवणला १९८७ साली असे मेज कोणी मांडले नाही.

ते मेज थोडेफार मांडले गेले २०११ नंतर. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने केंद्र व राज्य शासनाने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प हाती घेतला. २०१२ साली राज्यात कांदळवन कक्षही स्थापन झाला. या वेळी रोख उपजीविकेवर होता. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस बसविले की पिल्ले निसटून जातात. ती जाळी मच्छीमारांना वापरून पाहण्यास दिली. खेकड्यांची व कालवांची शेती सुरू झाली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचतगटाने पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय उभा केला. मालवणजवळ मोडक्या प्रवाळांचे तुकडे नव्या आधारावर लावून वाढविण्याचे प्रयोगही झाले. या सर्वांनी सारे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या किनाऱ्यावर प्रवाळ म्हणजे सरकारी जप्ती अशी भावना होती, तेथे प्रवाळ म्हणजे रोजगार अशी भाषा काही घरांत आली, हे मोठे स्थित्यंतर होय.

रोजगाराचीही दुसरी बाजू असते. पाण्याखाली जाऊन प्रवाळ पाहण्याची पर्यटकांची हौस मालवण-तारकर्लीत झपाट्याने वाढली. स्थानिक तरुणांना काम मिळाले, ही चांगली गोष्ट. परंतु एकाच उथळ जागी नौकांचे नांगर पडू लागले, शिकाऊ पाहुण्यांचे पाय प्रवाळांवर पडू लागले, आणि त्यांची मोडतोड समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदविली. ज्यांनी ट्रॉलरकडून होणारी लूट सोसली, त्यांच्याच मुलांच्या हातून थोडी झीज होऊ लागली. यावर उपाय बंदीत नाही. दिवसाला किती नौका जाव्या, नांगर कोठे टाकावा, हे त्या तरुणांच्याच संघाने ठरवावे आणि शासनाने त्याला मान्यता द्यावी.

मोठ्या यांत्रिक नौकांचा प्रश्न निराळा. पर्ससीन जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढता येतो. डॉ. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी या मासेमारीवर निर्बंध घातले. समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर २०१७ साली केंद्राने बंदी घातली. तरीही सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांचे संघर्ष थांबले नाहीत. लहान होडीवर कायदा लगेच चालतो, मोठ्या नौकेपर्यंत पोहोचता पोहोचता तो दमतो, असा आमच्या मजूर क्षेत्रातला अनुभव समुद्रातही खरा ठरला.

मुंबईची हकीकत थोडक्यात सांगतो. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअली येथील खडकांवर प्रवाळ आढळले. कायद्याने ते संरक्षित. तेव्हा समुद्रविज्ञान संस्थेच्या सल्ल्याने, रीतसर परवानगी घेऊन, २०२० च्या नोव्हेंबरात १८ प्रवाळ-वसाहती उचलून मुंबईतच दुसऱ्या जागी बसविण्यात आल्या. काम काळजीपूर्वक झाले आणि त्यातील बहुतेक जगल्याचेही पुढे सांगण्यात आले. त्याच मार्गावर वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार, पुलाच्या दोन खांबांतील ६० मीटरांच्या अंतरातून खवळलेल्या समुद्रात होडी सुखरूप जाणार नाही, ते वाढवा, म्हणून आंदोलन करीत होते. १२० मीटर अंतर मान्य होण्यास २०२२-२३ साल उजाडले. प्रवाळांच्या पाठीशी परिशिष्ट होते. कोळ्यांच्या पाठीशी केवळ त्यांची एकजूट होती. प्रवाळांना न्याय मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. दोघांना मिळून तो मागता आला असता, तर लवकर मिळाला असता, इतकेच आमचे म्हणणे.

आणखी एक ठाणे पाहावयाचे राहिले. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले. ज्या दर्यावर त्यांच्या परवान्यावाचून परकी गलबत सुखाने जात नसे, तेथील हे ठिकाण. लांबी सुमारे ४० किलोमीटर, माथा पाण्याखाली सुमारे २० मीटर. किनाऱ्याचा गाळ तेथे पोहोचत नाही, म्हणून पाणी निवळ आणि प्रवाळ भरघोस. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम तेथे जाऊन आली. परंतु राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. त्यापलीकडे केंद्राचा अंमल. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली या पठाराला विशेष दर्जा मिळावा, असा प्रस्ताव राज्याने २०२० साली पुढे केला. मालवणचा धडा येथे विसरून चालणार नाही. इतक्या दूर रोज गस्त घालणे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही. तेथे जाणाऱ्या नौकांतील खलाशी आणि तांडेल हेच तेथले खरे डोळे. त्यांना आरंभापासून सामील केले तर रक्षण होईल.

येथवर आपण पहार, जाळे आणि नांगर यांच्याविषयी बोललो. आता जो धोका येतो त्याला हात दिसत नाही. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल उष्णतेहून समुद्र एखाद्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापला, तरी प्रवाळ आणि त्याचा भाडेकरू यांचे बिनसते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा होतो. तो लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर जगतो, नाही तर संपतो. १९९८ साली एल निनोच्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असे मेले. २०१० आणि २०१६ साली पुन्हा तेच झाले. २०१५-१६ मध्ये मालवणचे प्रवाळही पांढरे पडले. जगभरच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा २०२४ च्या एप्रिलमध्ये झाली, आणि २०२५ पर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ही उष्णतेची झळ पोहोचल्याचे जाहीर झाले. १९९८ नंतरच्या पाव शतकात लक्षद्वीपमधील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले आहे.

तरी लक्षद्वीपमध्ये प्रत्येक आघातानंतर काही प्रवाळ पुन्हा उभे राहिले. त्याचे एक कारण अभ्यासकांनी सांगितले ते आमच्या विषयाला फार जवळचे आहे. १९६० नंतर तेथे काठी-गळाने खोल समुद्रातील ट्यूना पकडण्याच्या धंद्याला शासनाने उत्तेजन दिले. लोकांचे पोट ट्यूनावर भरू लागले, म्हणून भिंतीतील माशांवर भार पडला नाही. ते मासे शेवाळ खाऊन खडक साफ ठेवतात, आणि साफ खडकावर प्रवाळाची नवी पिल्ले बसतात. प्रवाळांसाठी कोणाची चूल विझविली नव्हती. चूल दुसऱ्या लाकडावर पेटविली होती.

समुद्र तापतो कोणामुळे? कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसचे वीजकेंद्र कोळशावर चालते. या सभामंडपातील दिव्यांचा मालवणच्या पाण्याशी संबंध आहे तो असा. जग सरासरी दीड अंशाने तापले तर प्रवाळांचा ७० ते ९० टक्के भाग जाईल, आणि दोन अंशांनी तापले तर जवळजवळ सर्व जाईल, असा इशारा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१८ साली दिला. तेव्हा कोळसा कमी झाला पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु वणी-चंद्रपूरच्या खाणीतील मजुराला न विचारता, त्याच्या पोराबाळांची सोय न लावता तो कमी करू गेलात, तर १९८७ चे मालवण फार मोठ्या आकारात पुन्हा घडेल. तो मजूर विरोध करील, आणि त्याच्या विरोधाआड ज्यांचा खरा नफा आहे ते सुखाने लपून राहतील.

सारांश, या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी घेतो. एक, प्रवाळांचा नाश गरिबाच्या हाताने पुष्कळदा झाला, परंतु गरिबाच्या लाभासाठी क्वचितच झाला. दुसरी, ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना शत्रू मानणारा कायदा प्रवाळांनाही वाचवू शकत नाही. तिसरी, संघटित मच्छीमारांनी स्वतःसाठी जे मागितले, त्यात समुद्राचे रक्षण बऱ्याच अंशी आपोआप झाले.

कोकणात प्रत्येक गावाचा एक राखणदार असतो. तो अदृश्य असतो, रात्री शिवेवरून फिरतो आणि गावाला सांभाळतो, अशी तेथील माणसांची श्रद्धा. प्रवाळांचा राखणदार मात्र दिसणारा आहे. पहाटे होडी लोटणारा, रापणीची दोरी ओढणारा माणूस तो हाच. त्याला अभयारण्याच्या समितीत मताचा अधिकार द्यावा, बंदीच्या दिवसांची भरपाई वेळेवर द्यावी आणि मोठ्या नौकांवरचा कायदा खरोखर चालवावा. हे तिन्ही करणे शासनाच्या हाती आहे. ते करून घेण्यासाठी त्याच्या बाजूने बोलणे मात्र आपल्या हाती आहे, मग आपले गाव समुद्रापासून कितीही दूर असो.